फोल्डस्कोप: कागदी सूक्ष्मदर्शक वर्गात नेण्याआधी

फोल्डस्कोप घ्यावा का, असं कुणी विचारलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कांद्याची पेशी दिसते का? दिसते, आणि छान दिसते. पण पुस्तकातलं चित्र डोळ्यांनी पडताळून पाहायचं एवढंच काम असेल, तर शाळेच्या कपाटातला जुना संयुक्त सूक्ष्मदर्शक ते याहून बरं करतो. कागदाच्या या उपकरणाचे पैसे वेगळ्या ठिकाणी वसूल होतात. यात जे दिसतं त्यावर मुलांना पटकन विश्वास ठेवता येत नाही. हलतंय ते जिवंत आहे का, गोल दिसतेय ती पेशी की बुडबुडा, आणि मुळात ते स्लाइडवर आहे की माझ्याच डोळ्यात, हे दर वेळी विचारावं लागतं. विज्ञान शिकताना मुलांनी प्रश्न विचारावेत असं सगळेच म्हणतात. हे उपकरण प्रश्न विचारल्याशिवाय नीट वापरताच येत नाही, म्हणून हे परीक्षण त्या अंगाने केलं आहे.

आधी वस्तूची ओळख. मूळचे मेरठचे आणि आयआयटी कानपूरमध्ये शिकलेले मनू प्रकाश यांनी जिम सिबुल्स्की आणि इतर सहकाऱ्यांबरोबर अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात हा सूक्ष्मदर्शक घडवला. त्यावरचा शोधनिबंध २०१४ साली प्रसिद्ध झाला. सुट्या भागांचा खर्च एका डॉलरच्या आत बसवायचा, हे त्यामागचं उद्दिष्ट होतं. विकत मिळणारा संच अर्थातच त्याहून महाग पडतो, कारण त्यात स्लाइड, चिकटपट्ट्या, चुंबक आणि इतर सामान येतं. वजन १० ग्रॅमच्या आत. पाण्याने न भिजणाऱ्या चिवट कागदावर भाग आधीच कापलेले असतात, ते सोडवायचे, घड्या घालायच्या आणि एकमेकांत अडकवायचे. मध्ये बसतो काचेचा बारीक गोल मणी, तेच भिंग. विवर्धन १४० पट, आणि साधारण २ मायक्रोमीटरपर्यंतचा (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तपशील वेगळा ओळखू येतो. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागानेही शाळा-महाविद्यालयांसाठी फोल्डस्कोपचा कार्यक्रम राबवला होता, त्यामुळे काही शाळांच्या कपाटात तो न उघडलेल्या पाकिटात पडलेला असण्याचीही शक्यता आहे. विकत घेण्याआधी तिथे बघा.

जोडणी पहिल्यांदा करताना अर्धा-पाऊण तास हाताशी ठेवा. सूचनापत्रक चित्रांचं आहे आणि स्पष्ट आहे, तरी तीन चुका हमखास होतात. पहिली, घडी बोटाने हलकेच दाबून सोडणं. घडीवरून नखाने किंवा चमच्याच्या पाठीने दोनदा घासायचं. ढिली घडी राहिली की फोकस धरल्यासारखा वाटतो आणि अंगठा सैल होताच निसटतो. दुसरी, भिंगाला बोट लावणं. मण्यावरचा घामाचा पातळ थर पुढे प्रत्येक स्लाइडवर धुकं आणतो आणि मुलांना वाटतं कांदाच धूसर आहे. चष्म्याच्या मऊ कापडाने, न दाबता पुसा. तिसरी चूक म्हणजे घाईत छिद्ररेषेवरून भाग ओढून काढणं. पातळ खाचा फाटल्या की फोकस करायची कागदी पट्टी सरळ सरकत नाही. जोडणी मुलांनाच करू द्या. कुठली पट्टी सरकली की काय हलतं, हे हाताला कळलेलं असलं की पुढे 'काहीच दिसत नाही' अशी ओरड कमी होते.

पाहताना उपकरण डोळ्याच्या अगदी जवळ, भुवईला टेकवून धरायचं आणि उजेडाकडे तोंड करायचं. ट्यूबलाइट, खिडकीबाहेरचं मोकळं आकाश, पांढरी भिंत, काहीही चालेल. सूर्याकडे मात्र चुकूनही नाही, भिंगातून थेट ऊन डोळ्यात गेलं तर कायमची इजा होते. हे वर्गात आधी सांगायचं आणि बाकं सूर्याकडे पाठ येईल अशी लावायची.

आता एक घोटाळा, जो प्रत्येक वर्गात होतो. मूल काचेची स्लाइड उलटी घालतं, म्हणजे कव्हरस्लिपची (नमुन्यावर झाकायच्या पातळ काचेची) बाजू भिंगापासून दूर जाते, आणि कितीही पट्टी सरकवली तरी चित्र येत नाही. शिक्षक येतात, स्लाइड पलटून देतात, चित्र येतं, विषय संपतो. इथे थांबायला हवं, कारण दहावीच्या भिंगाच्या धड्यातलं गणित या एका चुकीत बसलेलं आहे. मण्याचा व्यास २.३८ मिमी धरा, काचेचा अपवर्तनांक (काच प्रकाश किती वळवते ते सांगणारा आकडा) १.५१७. गोल मण्याचं नाभीय अंतर काढायला अपवर्तनांकाला व्यासाने गुणायचं आणि 'अपवर्तनांक वजा १' च्या चौपटीने भागायचं. उत्तर येतं सुमारे १.७५ मिमी. स्पष्ट दृष्टीचं किमान अंतर २५० मिमी, त्याला १.७५ ने भागलं की १४३. पाकिटावरचा १४० हा आकडा मुलांनी स्वतः काढला! पुढे, हे १.७५ मिमी मण्याच्या केंद्रापासून मोजलेलं आहे. त्यातून त्रिज्या, म्हणजे १.१९ मिमी वजा केली की मण्याच्या पृष्ठभागापासून नमुन्यापर्यंत उरतात फक्त ०.५६ मिमी. नेहमीची काचपट्टी असते १ मिमी जाड. काचेतून पाहताना ती जाडी कमी भासते, पण तरी ०.६६ मिमी उरतेच. म्हणजे स्लाइड उलटी असेल तर नमुना भिंगाच्या टप्प्यात येऊच शकत नाही. कव्हरस्लिपची जाडी मात्र जेमतेम ०.१७ मिमी, म्हणून ती मध्ये आली तरी चालतं. 'अशी घाल' असं सांगून जे दहा सेकंदांत संपतं, ते 'अशीच का घालायची?' या प्रश्नावर पूर्ण तासभर टिकतं.

आता या उपकरणाच्या सर्वांत मोलाच्या गुणाकडे. फोल्डस्कोपला पहिल्यांदा डोळा लावलेल्या मुलांना बरेचदा नमुना दिसतच नाही. दिसतात त्या पापण्या, आणि त्यांच्यामागे तरंगणाऱ्या पारदर्शक काड्या, साखळ्या, ठिपके. मुलं ते मन लावून वहीत काढतात आणि खाली लिहितात 'जंतू'. ते असतात त्यांच्याच डोळ्यातल्या द्रवात तरंगणारे कण. बारीक भिंगातून येणारा उजेडाचा अरुंद झोत त्यांची सावली डोळ्याच्या आतल्या पडद्यावर ठळक पाडतो. हे लगेच चूक म्हणून खोडू नका. मुलाला विचारा: हे कुठे आहे, हे तू कसं शोधशील? चाचण्या त्याच्या हातातच आहेत.

स्लाइड किंचित सरकवायची. दिसणारी गोष्ट स्लाइडबरोबर सरकली तर ती स्लाइडवर आहे. स्लाइड स्थिर ठेवून नजर वर-खाली फिरवायची. गोष्ट नजरेबरोबर पळाली आणि मग हळूहळू खाली आली, तर ती डोळ्यात आहे. स्लाइड पूर्ण बाहेर काढायची. तरीही डाग जागेवरच असेल, तर तो भिंगावर आहे. फोनचा कॅमेरा भिंगाला जोडलेला असेल तर आणखी एक पायरी: फोल्डस्कोप फोनवरून काढून पुन्हा लावायचा, थोडा वळवून. डाग पडद्यावर तिथेच राहिला तर फोनच्या काचेवर, फोल्डस्कोपबरोबर वळला तर इकडे.

आणि यातून सुटलेली गोष्टसुद्धा नमुन्यातलीच असते असं नाही. संचातल्या पारदर्शक चिकटपट्टीलाही स्वतःचे ओरखडे असतात, डिंकात बारीक बुडबुडे असतात, धूळ तर असतेच. म्हणून सगळ्यात पहिली स्लाइड कोरी बनवायची. पट्टी लावायची, पण नमुना काही ठेवायचा नाही, आणि जे दिसेल त्याचं चित्र वहीच्या पहिल्या पानावर काढायचं. पुढे प्रत्येक वेळी शंका आली की त्या पानाशी ताडून पाहायचं. सूचनापत्रक नमुने कसे घ्यायचे ते सांगतं, पण कोऱ्या स्लाइडवर पुरेसा भर देत नाही, ही त्यातली मोठी उणीव. प्रयोगशाळेत ज्याला 'कंट्रोल' म्हणतात तो हाच. आठवीतल्या मुलाला त्याची व्याख्या पाठ करायला लावण्यापेक्षा हे पान उपयोगाचं आहे.

बुडबुडा ओळखायची खूण वेगळी सांगावी लागते. कडेला जाड काळं कडं, मध्ये लख्ख उजेड, आकार अगदी गोल किंवा दोन बुडबुडे चिकटल्यासारखा. हवा आणि पाणी यांच्या सीमेवर प्रकाश फार वळतो, कडेवरून आलेला प्रकाश डोळ्यापर्यंत पोचतच नाही, म्हणून ते काळं कडं दिसतं. पेशीची भिंत पातळ रेषेसारखी असते आणि शेजारच्या पेशीला जोडलेली असते. बुडबुडे टाळायचे असतील तर कव्हरस्लिप एका कडेने थेंबाला टेकवून ४५ अंशात धरायची आणि सुईने हळूहळू खाली सोडायची. सगळेच बुडबुडे टाळू नका, दोन-चार असू द्या. ओळखायला तर शिकायला हवं.

कांदा घ्यायचाच असेल तर पाकळीच्या आतल्या, पोकळ बाजूचा पापुद्रा चिमट्याने सोलून ५ मिमीचा चौकोन कापा. जखमेवर लावायचं पोव्हिडोन आयोडिन १ थेंब आणि पाणी ४-५ थेंब असं मिसळून वापरलं की केंद्रक पिवळट तपकिरी होऊन उठून दिसतो. न रंगवलेल्या पापुद्र्यात तो शोधावा लागतो. पण 'केंद्रक दाखवा' इथवर न थांबता मुलांना एक मोजता येण्याजोगा प्रश्न द्या: बाहेरच्या जाड पाकळीत आणि गाभ्याजवळच्या कोवळ्या पाकळीत पेशी सारख्याच मोठ्या असतात का? म्हणजे पाकळी मोठी होते ती पेशी वाढल्यामुळे की पेशींची संख्या वाढल्यामुळे? मापायला मोटार वाइंडिंगच्या दुकानातून ४० गेजच्या तांब्याच्या तारेचा तुकडा आणा, ती साधारण ०.१२ मिमी जाड असते. झूम न करता तारेचा फोटो काढा, त्याच फोनने, त्याच पद्धतीने पेशींचा. फोटोत तार किती रुंद आली यावरून पेशीची लांबी निघते. तारेवर वार्निशचा थर असतो, त्यामुळे माप थोडं चुकतं. किती चुकत असेल, हाही प्रश्न मुलांनी काढला तर उत्तमच.

आमच्या मते फोल्डस्कोपसाठी सर्वांत चांगला नमुना कांदा नाही, ऱ्हिओ आहे. बागेच्या कडेला, सोसायटीच्या कुंड्यांत लावलेली, पानं वरून हिरवी आणि खालून जांभळी असलेली ती झुडपं. पान तिरकं फाडलं की खालच्या बाजूचा जांभळा पातळ पापुद्रा सुटतो. न रंगवताच जांभळ्या फरशीसारख्या पेशी दिसतात आणि त्यांच्यामध्ये हिरवी ओठासारखी पर्णरंध्रं, म्हणजे पानाची हवा आत-बाहेर होण्याची बारीक छिद्रं. इथे नावं सांगायची घाई करू नका. पहिली १० मिनिटं नियम असा: कुणीही नाव घ्यायचं नाही, फक्त काय दिसतं तेवढंच सांगायचं. 'जांभळ्यात हिरवं तोंड आहे' असं मूल म्हणालं की लगेच दुसरं विचारतं, मग वरच्या बाजूला पण आहेत का? हा प्रश्न पान उलटून लगेच सोडवता येतो. 'पर्णरंध्र' हा शब्द आधीच फळ्यावर लिहिला असता, तर तो प्रश्न बहुधा आलाच नसता, कारण नाव कळलं की बघायचं संपलं असं मुलांना वाटतं.

मग मीठ. पाव कप, म्हणजे सुमारे ५० मिली पाण्यात ५ ग्रॅम मीठ, साधारण एक सपाट चहाचा चमचा. कव्हरस्लिपच्या एका कडेला या पाण्याचा थेंब सोडायचा आणि समोरच्या कडेला टिपकागद टेकवायचा, म्हणजे पाणी आत ओढलं जातं. काही मिनिटांत जांभळा रंग भिंतींपासून सुटून मधोमध गोळा होऊ लागतो. भिंती मात्र जागेवरच राहतात. वर्गातून येणारे प्रश्न बघा: पाणी कुठे गेलं? रंग बाहेर का नाही आला? पेशी मेली का? शेवटच्या प्रश्नाला उपकरणातूनच उत्तर आहे: त्याच पद्धतीने साधं पाणी आत ओढा आणि थांबा. पेशी जिवंत असेल तर रंग पुन्हा पसरतो. फार वेळ मिठात ठेवलं किंवा मीठ जास्त झालं तर पसरत नाही. काही गटांत पसरतो आणि काहींत नाही, असं होणारच. त्या गटांना 'तुमचं चुकलं' न म्हणता, किती वेळ ठेवलं होतं, थेंब किती टाकले, हे विचारलं की वेगळेपणाचं कारण त्यांनाच सापडतं. इथे अडचण एकच येते. डोळ्याशी धरलेल्या फोल्डस्कोपमध्ये पाणी घालता येत नाही. स्लाइड बाहेर काढावी लागते आणि तीच जागा पुन्हा सापडत नाही. स्लाइडच्या मागच्या बाजूला बारीक मार्करने ठिपका करून ठेवला तर निदान जवळपास पोचता येतं.

फोल्डस्कोपच्या ताकदीच्या अगदी टोकाला एक जुना प्रयोग बसतो. हॉलंडमधल्या डेल्फ्टचे कापडव्यापारी आन्टोनी व्हान लेव्हेनहुक असेच एकाच भिंगाचे सूक्ष्मदर्शक स्वतः घडवायचे. त्यांच्या उरलेल्या उपकरणांपैकी सर्वांत ताकदीचं सुमारे २६६ पट मोठं दाखवतं. मिरे जिभेला का झोंबतात, हा त्यांना पडलेला प्रश्न. मिऱ्याच्या कणांना टोकं असतील आणि ती टोचत असतील, अशा काहीशा कल्पनेने त्यांनी १६७६ साली मिरे पाण्यात भिजत घातले. काही आठवड्यांनी त्या पाण्यात टोकं नाही, पण वळवळणारे असंख्य बारीक जीव दिसले, आणि जिवाणू पाहिल्याची पहिली नोंद झाली. कल्पना चुकीची होती, झोंबण्याचं कारण आहे पायपरिन हे रसायन. पण चुकीच्या कल्पनेची त्यांनी चाचणी घेतली, आणि जे समोर आलं ते झाकून ठेवलं नाही.

हे घरी करता येतं. १० मिरे भरड ठेचून अर्ध्या वाटी पाण्यात घाला, दुसऱ्या वाटीत नुसतं पाणी. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून ते आदल्या दिवशी उघडं ठेवा. दोन्ही वाट्यांवर सैल झाकण, ५-६ दिवस सावलीत. अपेक्षा मात्र रास्त ठेवा. बरेचसे जिवाणू १-२ मायक्रोमीटरचे, म्हणजे या भिंगाच्या सीमेवर. दिसतील ते थरथरणारे ठिपके, आकार कळणार नाही. पेंढ्याच्या काड्या डबक्याच्या पाण्यात आठवडाभर ठेवल्या तर मोठे, सुळकन पळणारे जीव मिळण्याची शक्यता जास्त, आणि लहान मुलांसाठी तेच बरं. या पाण्याला हात लागला तर साबणाने धुवायचे, हे सांगायला नकोच.

पण ठिपके थरथरतात म्हणजे जिवंत आहेत का? हा प्रश्न मुलांकडून आला नाही तर मोठ्यांनी विचारावा. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी १८२७ साली परागकणांतून निघालेले बारीक कण पाण्यात नाचताना पाहिले, तेही एकाच भिंगातून. ते भिंग फोल्डस्कोपच्या दुपटीहून थोडं जास्त ताकदीचं होतं. जिवंत असल्यामुळे कण हलत असतील, ही शंका त्यांनी तशीच सोडली नाही. वाळून जुन्या झालेल्या वनस्पती, काचेची पूड, दगडाची पूड असं सगळं पाण्यात टाकून पाहिलं. सगळंच नाचलं. त्याचं कारण नीट मांडलं गेलं ते १९०५ साली, आइन्स्टाइनकडून.

वर्गासाठी याची सोपी आवृत्ती दुधाची. एक थेंब दूध अर्ध्या वाटी पाण्यात, त्यातला एक थेंब स्लाइडवर, कव्हरस्लिपच्या कडांना व्हॅसलीनची बारीक रेघ म्हणजे आतलं पाणी वाहणार नाही. फोन लावून, स्थिर टेकवून, अगदी लहान गोळ्यांकडे बघा. सगळे एकाच दिशेला चालले असतील तर तो प्रवाह, एखादी कड उघडी राहिली आहे. प्रत्येक जण आपापल्या जागी, आपापल्या तऱ्हेने थरथरत असेल तर ती ब्राउन यांनी पाहिलेली हालचाल. मोठे गोळे जवळपास स्थिर, लहान जास्त चंचल. मग मिऱ्याच्या पाण्याचा एक भाग उकळून, गार करून बघा. उकळल्यावरही ठिपके तितकेच थरथरत असतील तर जिवंतपणाचा पुरावा वेगळा शोधावा लागेल. एखादा ठिपका शेजाऱ्यांना ओलांडून सरळ रेषेत दूर जातो का? उकळलेल्या पाण्यात तसा कुणी जातो का? या दोन स्लाइड शेजारी ठेवून झालेला वाद हा या संचातून मिळणारा सर्वांत चांगला तास आहे, आणि त्याला अर्धा चमचा मिरे पुरतात.

आता तक्रारी. मण्याच्या भिंगात चित्राचा फक्त मधला भाग स्वच्छ येतो, कडेला अंधूक आणि रंगीत झालर. मुलं ती झालर नमुन्याचा रंग समजून रंगवतात, स्लाइड सरकवून ती वस्तू मध्ये आणायला सांगा. अंगठा सैल झाला की फोकस जातो, त्यामुळे बघत-बघत चित्र काढणं जड जातं. आधी नीट बघा, मग खाली ठेवून काढा, मग पुन्हा ताडून बघा. एका वेळी एकालाच दिसतं. मूल काय बघतंय हे शिक्षकाला कळत नाही, ते 'दिसलं' म्हणतं आणि दिसलेली असते पापणी. फोन जोडला की ही अडचण सुटते, पण दुसरी येते. सगळे पडद्याकडे बघतात, एक जण उपकरण हलवतो आणि बाकीचे प्रेक्षक होतात. शिवाय फोनवर बोटांनी झूम केलं की मुलांना वाटतं आणखी बारीक दिसू लागलं. तपशील तेवढाच राहतो, ठिपके फुगतात. फोन शेवटच्या १० मिनिटांसाठी, पडताळणीपुरता काढा.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, कागदाला काही होत नाही. चुंबक आणि चिकटपट्टीचा डिंक यांना होतं. चुंबकाला गंज चढतो, पट्टी सुटते. हवाबंद डब्यात सिलिकाची पुडी टाकून ठेवा. ओली स्लाइड दिव्यासमोर ५-१० मिनिटांत सुकते आणि पेशी आक्रसतात, मुलांना वाटतं काहीतरी घडतंय. घडतंय ते खरंच, पण तुम्ही मीठ घातलं नसताना घडतंय. कडेला पाण्याचा एक थेंब देत राहायचं. स्वतःच्या रक्ताचे नमुने घेण्याचा मोह मुलांना होतो, सुईच्या संसर्गाचा धोका असल्याने ते करू देऊ नका. बुरशीचा नमुना पारदर्शक पट्टीत दोन्ही बाजूंनी बंद करूनच द्या.

संचाबरोबर किंवा वेगळ्याने मिळणाऱ्या, नावं छापलेल्या तयार स्लाइड पहिल्या वर्षी तरी घेऊ नका. त्यात चुकायला जागाच नाही, बुडबुडा नाही, पट्टीवरचा ओरखडा नाही, आणि उत्तर लेबलवर लिहिलेलं. मूल लेबल वाचतं, भिंगात बघतं, 'हो' म्हणतं.

प्रश्नांचं काय करायचं, याबद्दल संच गप्प आहे. ते काम शिक्षकांनी आणि पालकांनी करायचं. वहीत तीन रकाने पुरतात: आज याच उपकरणाने सुटेल असा प्रश्न, नमुना बदलून किंवा थांबून सुटेल असा, आणि दुसऱ्याला विचारावा लागेल असा. 'वरच्या बाजूला पर्णरंध्रं आहेत का' हा पहिल्या रकान्यात. 'रात्री ती मिटतात का' हा दुसऱ्या. 'ऱ्हिओला जांभळा रंग हवाच कशाला' हा तिसऱ्या. तिसरा रकाना रिकामा राहू देऊ नका आणि तो तिथल्या तिथे भरून टाकायची घाईही करू नका. मध्य प्रदेशात १९७२ ते २००२ चाललेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात मुलं असे प्रश्न 'सवालीराम' नावाच्या कल्पित मित्राला पत्रातून पाठवायची, आणि त्यांना उत्तरं जायची. तसा एखादा डबा वर्गात ठेवता येतो. फक्त त्यातल्या चिठ्ठ्या वाचल्या जायला हव्यात, दर शुक्रवारी, मोठ्याने.

कुणी घ्यावा? पाचवी ते दहावीच्या मुलांसाठी, मोठं माणूस सोबत बसणार असेल तर नक्की. पाचपैकी चार गुण. पाचवा कापला तो फोकस टिकत नाही म्हणून आणि कोऱ्या स्लाइडचं महत्त्व पुरेसं सांगितलं नाही म्हणून. पाचवीच्या आतल्या मुलांना पट्टी सरकवणं जमत नाही, त्यांना आधी दहापट मोठं दाखवणारं साधं हातातलं भिंग द्या. अकरावी-बारावीच्या प्रात्यक्षिकांना हा पुरणार नाही, तिथे ४०० पट विवर्धन आणि स्थिर बैठक लागते.

वर्गासाठी प्रत्येकाला एक घेण्याची गरज नाही. दोघांत एक हवा, तिघांत एक झाला की तिसरं मूल खिडकीबाहेर बघतं. ४० मुलांच्या वर्गाला २० फोल्डस्कोप, आणि शिवाय २ राखीव, कारण भिंगाला ओरखडा पडतोच. त्याबरोबर बाजारातून आणायचं ते एवढंच: कव्हरस्लिपची डबी, पारदर्शक चिकटपट्टीचे दोन रोल, टोकदार चिमटे १०, प्लॅस्टिकचे ड्रॉपर २०, पोव्हिडोन आयोडिनची छोटी बाटली, टिपकागद, ४० गेजची तार, मीठ, मिरे. ऱ्हिओची कुंडी वर्गाच्या खिडकीत ठेवा, रोपवाटिकेत ती स्वस्तात मिळते आणि पाणी थोडं विसरलं तरी टिकते.